गाडीच्या लेदर सीट्सची सफाई आणि निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस लागला की बुरशीचे फोन येतात, एप्रिल-मेमध्ये तडकलेल्या सीट्सचे, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हळदीच्या डागांचे. गाडीच्या आतल्या सफाईच्या कामात वर्षभर जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं आपल्याकडची हवा डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. परदेशातले व्हिडिओ बघून दर महिन्याला सीटवर क्रीम चोपडणाऱ्यांना ती थोडी निराश करतील.

माझ्या गाडीच्या सीट्स खरंच लेदरच्या आहेत का?

बहुधा नाहीत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या माहितीपत्रकात 'लेदरेट' किंवा 'आर्टिफिशियल लेदर' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. लेदरेट म्हणजे कापडावर पीव्हीसी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या प्लास्टिकचा थर, आपल्या जुन्या भाषेत रेक्झिन. ज्या महागड्या गाड्यांत खरं लेदर येतं, त्यांतही ते अनेकदा अंग टेकतं तेवढ्याच भागावर असतं. सीटच्या बाजू, पाठीमागचा भाग आणि दारावरचे पॅड रेक्झिनचेच.

वास घेऊन ठरवू नका, लेदरचा वास बाहेरून देता येतो. हेडरेस्टच्या कव्हरची चेन उघडा किंवा सीटच्या खालून कापलेली कड शोधा. उलट्या बाजूला विणलेलं कापड दिसलं तर लेदरेट, बारीक लवदार तंतू दिसले तर लेदर. काडी पेटवून बघायचा सल्ला कुणी दिला तर त्याला आपल्या गाडीपासून लांब ठेवा.

दोन्हींची निगा वेगळी असते का?

साफ करायची पद्धत एकच. फरक कंडिशनरचा, म्हणजे लेदर मऊ ठेवायला लावतात त्या क्रीमचा: लेदरेटला तो लागतच नाही. प्लास्टिकला पोषण कशाचं देणार?

पीयूचं लेदरेट असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. दमट आणि गरम हवेत पाण्याच्या वाफेने पीयूच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटतात. मग काही वर्षांनी थर पापुद्र्यांनी सुटायला लागतो आणि कपड्यांना काळे तुकडे चिकटतात. घरातल्या सोफ्याचं किंवा कपाटात ठेवलेल्या पर्सचं असं झालेलं अनेकांनी पाहिलं असेल. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात हे जास्त दिसतं. एकदा पापुद्रे सुटले की त्यावर क्रीम नाही, नवीन कव्हर शिवून घेणं हाच इलाज. पीव्हीसीचं तसं होत नाही. ते कालांतराने कडक होऊन चिरतं.

कंडिशनर नक्की करतो काय?

दुकानदार सांगतो त्यापेक्षा बरंच कमी. गाडीतल्या जवळजवळ सगळ्या लेदरवर आधी रंगाचा थर असतो आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. सांडलेला चहा आत मुरू नये म्हणूनच तो दिलेला असतो. चहा मुरत नाही तसं क्रीमही मुरत नाही. शिवणीतून आणि सुरकुत्यांमधल्या बारीक भेगांतून थोडंसं आत जातं, तेवढंच. लेदर मऊ राहायला जी तेलं लागतात ती कारखान्यात कमावतानाच घातलेली असतात.

लेदर खराब करतो तो मळ. घामातलं मीठ, केसांचं तेल आणि रस्त्यावरची धूळ यांचा एक थर सीटवर बसतो आणि आपण चढता-उतरताना दर वेळी पॉलिश पेपरसारखा त्या पारदर्शक थराला घासतो. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उंच कड सगळ्यात आधी पांढरी पडते ती याच कारणाने. तो मळ तसाच ठेवून वरून कंडिशनर लावलं तर मळ अजून घट्ट बसतो. आमच्याकडे येणाऱ्या 'लेदर सुकलंय' अशा तक्रारींपैकी बहुतेक ठिकाणी लेदर सुकलेलं नसतं, मळलेलं असतं.

मग लावायचंच नाही का? लावा, पण स्वच्छ सीटवर, पाण्यात मिसळणारं, अगदी थोडं आणि फडक्यावर घेऊन. त्याने पृष्ठभाग थोडा गुळगुळीत होतो, कपड्यांची घासाघास कमी होते, करकर थांबते. वर्षातून दोनदा पुष्कळ झालं. दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या सुमाराला एकदा. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र नको, का ते बुरशीच्या प्रश्नात सांगितलं आहे.

आई म्हणते, खोबरेल तेल लाव. चपलेला लावतोच की!

आईचं चपलेच्या बाबतीत बरोबर आहे. कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या अर्काने कमावलेल्या चामड्याची असते आणि तिच्यावर प्लास्टिकचा थर नसतो. ते चामडं तेल पितं आणि नरम होतं. गाडीचं लेदर बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, ही पद्धत १८८४ पासूनची, आणि वर ते पॉलियुरेथेनने झाकलेलं. तेल त्याच्यावर नुसतं पसरून राहतं. त्यावर धूळ बसते, पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर डाग उठतात आणि महिन्या-दोन महिन्यांत खवट वास सुटतो. ऑलिव्ह तेल, दूध, केळ्याचं साल यांचंही तेच.

बुटाचं पॉलिश तर अजिबात नको. त्यातला रंग कपड्यांना लागतो.

घरी साफ करायचं तर कसं?

गाडी सावलीत लावा आणि सीट गार होऊ द्या. तापलेल्या लेदरवर क्लीनर पसरण्याआधीच वाळतो आणि डाग राहतो. पहिली अर्धी मेहनत व्हॅक्यूमची. सीटची पाठ आणि बैठक यांच्या मधल्या फटीत बोटं घालून ती उघडा. तिथे शेव, चुरमुरे, नाणी आणि वाळू हमखास असते. हे खडबडीत काही मागे राहिलं आणि तुम्ही ओल्या फडक्याने घासायला लागलात, तर तुम्हीच ओरखडे काढाल.

मग एका कोपऱ्यात, शक्यतो सीटच्या खालच्या बाजूला, क्लीनर लावून पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडक्याला सीटचा रंग आला तर थांबा. नाही आला तर क्लीनर मऊ ब्रशवर घ्या, सीटवर थेट फवारू नका. वरून खाली, एका वेळी वीतभर जागा, हलक्या हाताने गोल गोल. फेस तपकिरी होईल, ते बघून समाधान वाटतं. तो फेस वाळायच्या आत ओलसर मायक्रोफायबरने उचलायचा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं. फेस तिथेच वाळू दिला तर मळ परत जागच्या जागी. फडकं सारखं धुवा किंवा बदला.

दारं उघडी ठेवून तासभर वाळू द्या. हेअर ड्रायर नको. स्टीम क्लीनरही नको, मग दुकानातला माणूस काही म्हणो. ओलं लेदर आणि उष्णता एकत्र आली की ते आक्रसतं.

कोणता क्लीनर घ्यावा? भांड्यांचा साबण चालेल का?

लेदर स्वभावाने किंचित आम्लधर्मी असतं. अंगाचा साबण, कपड्यांची पावडर, सोडा हे सगळे अल्कधर्मी. रोज वापरले तर वरचा थर कमकुवत होतो आणि शिवणीतून आत गेले तर लेदर कडक होतं. लेदरसाठीचा, पाण्यावर आधारलेला, पीएच उदासीन किंवा थोडा आम्ल असलेला कुठलाही क्लीनर घ्या. ब्रँडवरून भांडण्यात अर्थ नाही. अगदीच काही नसेल तर सौम्य बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब मगभर पाण्यात टाका आणि फडकं पिळून घेऊन पुसा.

'मॅजिक' म्हणून मिळणारा पांढरा स्पंज वापरू नका. तो मळ विरघळवत नाही, घासून काढतो, आणि मळासोबत सीटचा वरचा थरही.

किती दिवसांनी साफ करायचं?

आठवड्याला कोरड्या किंवा किंचित ओलसर फडक्याने धूळ पुसा. क्लीनरने साधारण दोन-तीन महिन्यांनी. गाडी टॅक्सीसारखी दिवसभर वापरात असेल, किंवा सीट्स बेज असतील, तर महिन्याने. बेज सीट घेणाऱ्याने हे काम आधीच पत्करलेलं असतं.

पावसाळ्यात सीटवर पांढरी बुरशी येते. काय करायचं?

आमच्या कामातला हा सगळ्यात मोठा प्रश्न. हवेतली आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई ते सावंतवाडी हवा सलग ८० टक्क्यांच्या वर असते. त्यात गाडी बेसमेंटला पंधरा दिवस बंद. बुरशीला खायला लागतं ते सीटवरचा घाम, केसांचं तेल, सांडलेल्या खाण्याचे कण आणि हो, तेलकट कंडिशनरही. म्हणून मे महिन्यात सीट नीट साफ करा आणि त्यावर काही लावू नका.

बुरशी आलीच तर गाडी बाहेर मोकळ्या हवेत काढा, चारही दारं उघडा, तोंडाला मास्क लावा. कोरडा ब्रश मारला की बीजाणू उडून छताच्या कापडात जाऊन बसतात, तेव्हा व्हॅक्यूमचा पाइप जवळ धरून आधी ओढून घ्या. मग लेदर क्लीनर. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल तेवढ्याच पाण्यात मिसळून, ओलसर फडक्याने एकदाच भरभर पुसा. आधी लपलेल्या जागी बघून घ्या, आणि फडकं एका ठिकाणी दाबून ठेवू नका, अल्कोहोल रंग उचलतं. ब्लीच तर नकोच. सीटबेल्टवरही बुरशी येते. तो पूर्ण बाहेर ओढून सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच आत सोडा. बेल्टला ब्लीच लावलं तर धागे कमकुवत होतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

पुसल्यावर थांबू नका, ओलावा कुठून येतोय ते शोधा. मॅट उचला, खालचा कार्पेट दाबून बघा. पुढच्या बाजूचा, विशेषतः डावीकडचा कार्पेट ओला असेल तर अनेकदा एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. ती मोकळी केल्याशिवाय दर आठवड्याला बुरशी पुसत बसाल.

गाडी वापरात नसेल तरी आठवड्यातून एकदा, उघड्या जागेत, वीस-पंचवीस मिनिटं एसी लावून चालवा. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका, एक्झॉस्टचा धूर जीव घेतो. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या तर उत्तम. कपाटात ठेवतात ते ओलावा शोषून पाणी साठवणारे डबे मात्र गाडीत नकोत. त्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं, एखाद्या वळणावर डबा कलंडला की ते खारं पाणी लेदरवर पडतं आणि तेवढा भाग आक्रसून कडक होतो.

डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर वास आणि बुरशी दोन्ही जातील ना?

बुरशी जाणार नाही आणि बंद गाडीत ती वाफ श्वासातून आत जाईल. नॅफ्थलीनची वाफ लहान मुलांना विशेष घातक असते. कापराने फक्त वास झाकला जातो. वास येतोय म्हणजे कुठेतरी ओलं आहे किंवा काही सडलंय, ते शोधायचं.

दसऱ्याला गाडीची पूजा केली, स्टिअरिंगला आणि सीटला हळद-कुंकू लागलं.

साबण लावू नका. हळदीला अल्क लागलं की ती लाल होते, पारंपरिक कुंकू याच गुणावर तयार होतं. साबणाने घासलेला पिवळा डाग लालसर तपकिरी झाला की लोक घाबरून अजून घासतात. आधी कोरडी पूड व्हॅक्यूमने किंवा ब्रशने उडवून टाका, मग सौम्य लेदर क्लीनरने दोनदा पुसा. फिकट पिवळेपणा राहिला तर राहू दे. हळदीतलं कर्क्युमिन उजेडाने विरतं. दोन-चार दिवस सकाळचं ऊन खिडकीतून पडू दिलं तर डाग बराचसा जातो. कुंकवाचं तसं नाही. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात कृत्रिम रंग असतो आणि तो उन्हाला दाद देत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या गुलालाचंही तेच: आधी कोरडं झटकायचं, पाणी शेवटी. पुढच्या वर्षी सीटवर जुनी चादर टाकून पूजा करा, देवाची हरकत नसते.

नव्या जीन्सचा निळा रंग पांढऱ्या सीटला लागलाय.

जितक्या लवकर तितकं सोपं. आठवड्याभरातला असेल तर साध्या लेदर क्लीनरने दोन-तीन वेळा पुसून निघतो. उन्हाळाभर तसाच राहिला तर उष्णतेने रंग वरच्या थरात शिरतो, मग तो काढायला लागणारं रसायन सीटचा रंगही घेऊन जातं. अशा वेळी त्या भागाला नव्याने रंग देणं हाच शहाणपणा.

बॉलपेनची रेघ?

ताजी असेल तर लगेच क्लीनर. स्प्रे, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर हे घरगुती उपाय शाई पसरवतात आणि रंग काढतात. जुनी, बारीक रेघ असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिका.

घाटात मुलाला उलटी झाली. दूध सगळं सीटवर.

आंबा घाट काय, वरंधा काय, हे नेहमीचंच. गाडी थांबवून लगेच टिश्यूने टिपून घ्या, पुसू नका. पुसलं की शिवणीत जातं. साध्या पाण्याच्या ओलसर फडक्याने दोनदा टिपा, घरी आल्यावर क्लीनर. वास राहिला तर तो सीटवर नसतो, शिवणीच्या आत फोममध्ये किंवा चाइल्ड सीटच्या खाली असतो. चाइल्ड सीट काढून बघा.

व्हेंटिलेटेड सीट्सना वेगळं काही लागतं का?

लागतं. त्या बारीक छिद्रांखाली पंखे आणि वायर असतात. फवारणी पूर्ण बंद. क्लीनर फडक्यावर घ्या आणि फडकं पिळून घ्या. क्रीम कंडिशनर छिद्रांत जाऊन पांढरं वाळतं आणि टाचणीने एकेक काढत बसावं लागतं. पंखा बंद ठेवून व्हॅक्यूम केला की आतली धूळही निघते. पुढच्या सीट्समध्ये माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सर असतो, हेही भरपूर पाणी न वापरण्याचं एक कारण.

स्टिअरिंग चिकट झालंय.

हाताचा घाम आणि सॅनिटायझर. ओल्या सॅनिटायझरचे हात स्टिअरिंगला लावले की अल्कोहोल वरचा थर मऊ करतं, त्यावर मळ बसतो. हात वाळू द्या, मग पकडा. पंधरा दिवसांनी ओलसर फडक्याने पुसत गेलात तर चिकटा धरत नाही. स्टिअरिंगला चकाकी आणणारं काहीही लावू नका, हात सटकतो.

शोरूममध्ये आतल्या भागाची ट्रीटमेंट घ्यायला सांगतात. घ्यावी का?

नव्या गाडीला गरज नाही. बऱ्याचदा तो सिलिकॉनचा चकचकीत थर असतो. कारखान्यातून आलेलं लेदर मंद, मॅट दिसतं. चकाकणारं लेदर म्हणजे एकतर मळलेलं, नाहीतर काहीतरी फासलेलं. घ्यायचीच असेल तर काय लावणार त्याचं नाव विचारा आणि बाटली बघा. नाव सांगता येत नसेल तर पैसे वाचवा.

लेदर जपायला वर सीट कव्हर घालू का?

मग लेदरचे पैसे कशाला दिले? शिवाय कव्हर आणि सीट यांच्या मध्ये ओल अडकते आणि बुरशी तुम्हाला दिसत नाही. सगळ्यात महत्त्वाचं: सीटच्या दाराकडच्या बाजूला एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली आहे का बघा. असेल तर साधं कव्हर ती एअरबॅग अडवतं.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची?

सावली, आणि नसेल तर समोरच्या काचेला शेड. २०१८ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात संशोधकांनी कडक उन्हात तासभर उभ्या गाड्यांचं आतलं तापमान मोजलं, तेव्हा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअस आणि सीट ५१ अंशांवर गेली होती. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात वेगळं काही घडत नसावं. समोरची लॅमिनेटेड काच अतिनील किरणं बरीच अडवते, पण उष्णता येतेच. बाजूच्या साध्या काचांतून किरणंही येतात. म्हणून रोज एकाच दिशेला गाडी लावणाऱ्यांची एका बाजूची सीट आधी फिकी पडते.

तडे भरून येतील का?

क्रीमने नाही. वरच्या थराला बारीक जाळी पडली असेल तर फिलर भरून, घासून, नव्याने रंग देता येतो, चांगला कारागीर हे काम बेमालूम करतो. लेदरच फाटलं असेल तर तेवढा तुकडा बदलून शिवणं स्वस्त आणि टिकाऊ पडतं. पूर्ण सीट रंगवून घेण्याआधी त्याच कारागिराने वर्षभरापूर्वी केलेली एखादी सीट बघा.

अल्कँटारा किंवा स्वेड असेल तर?

अल्कँटारा चामडं नाही, पॉलिस्टर आणि पॉलियुरेथेनचं बारीक तंतूंचं कापड आहे. त्याला लेदरचं काहीही लावू नका. मऊ ब्रश, ओलसर फडकं, वाळल्यावर पुन्हा ब्रश. खऱ्या स्वेडला, म्हणजे लवदार चामड्याला, पाणीही जपून.

सेकंडहँड गाडी घेताना सीटवरून काय कळतं?

बरंच. मीटर २५ हजार किलोमीटर दाखवत असेल आणि ड्रायव्हरच्या सीटची कड रंग उडून पांढरी, स्टिअरिंग गुळगुळीत चकाकतंय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सीटचा रंग शिवणीच्या दोऱ्यावरही आलेला दिसला तर ती नंतर रंगवलेली आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, मुंबईत तर दर काही वर्षांनी गाड्या बुडतात, आणि अशा गाड्या साफ होऊन दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात. वरून लेदर नवं दिसतं. सीट पूर्ण पुढे सरकवून खालचे रूळ आणि स्प्रिंग बघा, गंज असेल तर विचारा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुरात बुडालेल्या गाडीच्या बेल्टवर शेवटच्या हातभर पट्ट्यात गाळाची रेषा बहुतेकदा तशीच राहिलेली असते, कारण धुणारा तिथपर्यंत ओढत नाही.